सेकंदाला साठ

“कार्ड कसलं, डबडं आहे नुसतं!” पडद्यावरची गाडी वळणावर तिसऱ्यांदा भिंतीवर आदळली, तसे घड्याळजी पुटपुटले.

“डबडंच ते,” बायकोने री ओढली आणि अर्धाच भरलेला चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

“दहा वर्षांचं थेरडं ग्राफिक्स कार्ड आहे, बाबा,” लेक म्हणाली. सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर बापलेकीने गाड्यांची शर्यत लावायची, हा तिच्या शाळेपासूनचा नेम. “चार जीबी मेमरी. आजच्या गेमची चित्रं काढताना धाप लागते त्याला. चित्रच अडखळतं, मग गाडी कशी वळणार?”

भाजीत मीठ किती, यावर कधी एकमत न झालेल्या मायलेकी गेले तीन महिने कार्डाला मात्र एका सुरात शिव्या घालत होत्या.

घड्याळजींनी कार्डाचं जुनं खोकं शोधून काढलं होतं. डोळ्याला भिंग लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचली होती. त्यात ‘क्लॉक’ हा शब्द सापडला आणि ते हटूनच बसले.

“क्लॉक आहे म्हणजे मोजता येणार. सेकंदाला किती चित्रं काढतं, आकडा दाखव. अडखळलं की आकडा घसरेलच. उद्या मला एका गिऱ्हाइकाच्या पणजोबांचं घड्याळ उघडायचंय. स्प्रिंग केसाएवढी. डोक्यात ही भुणभुण नको.”

लेकीने आईकडे पाहिलं.

“आकडे बघून पोट भरणार आहे का?” आई म्हणाली.

“दाखव.”

लेकीने दोन बटणं दाबली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला. साठ. तिने एक फेरी मारली. साठ. घड्याळजींनी कंट्रोलर घेतला. साठ. वळण आलं. साठ. गाडी भिंतीवर आदळली. आकडा जागचा हलला नाही.

“साठाच्या पुढे माझं शिक्षण नाही,” घड्याळजी सावकाश म्हणाले. “पण साठ मला कळतं.”

“आकडाच खोटा असेल,” लेक घाईने म्हणाली. “असल्या भंगाराचा काय भरवसा!”

“भंगारच मेलं,” आई म्हणाली, पण या वेळी पडद्याकडे न बघता.

घड्याळजींनी कप उचलला. दोन्ही हातांनी. अर्धाच होता, तरी बशीत सांडला. ते बशीकडे बघत राहिले.

“कप अर्धा का देतेस गं हल्ली?”

बायकोने पदराने बशी पुसली. परत पुसली.

“कार्ड चांगलं आहे हो,” ती म्हणाली. “अडखळतो तो तुमचा हात.”