चित्रातला हात

नात्सुओची खोड वाईट होती. उत्तर द्यायची वेळ आली की नखं कुरतडत बसायचं. दहाव्या वर्षी लागलेली, सव्विसाव्या वर्षीही सुटली नव्हती.

"तुझ्या चित्रकथेतलं पोर चार वर्षं त्या खेळात अडकलंय," उमेको म्हणाली. "दर आठवड्याला नवा राक्षस काढतोस. घरी आण की त्याला!"

"तो घरी आला की गोष्ट संपली, आई. मग खायचं काय?"

"बांगडे. तुझ्या बापाने तेच खाल्ले."

बंदरावरच्या कारखान्यात उमेकोने तीस वर्षं बांगडे कापले होते. नात्सुओ पोटात असतानाच तिच्या उजव्या हाताची तर्जनी सुरीखाली अर्धी गेली. त्या थोट्या बोटाने ती त्याची चित्रकथा छापणाऱ्या मासिकाची पानं उलटायची. शिक्षण बेताचंच, पण अवघड चित्राक्षरांशेजारी त्यांचे उच्चार बारीक छापलेले असत. एक ओळ सोडायची नाही.

गोष्टीत पोरगा यंत्र डोक्याला लावून खेळात शिरतो. आई रागाने प्लग ओढते आणि परतीची वाट बुजते. वाचक त्या आईला पत्रांतून शिव्या घालत.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, हे कुठून आलं ते. सोळा वर्षांपूर्वी थोरला मुलगा ताकेरू खोलीत कोंडून घेऊन वर्षभर व्हिडिओ गेम खेळत होता. एका दुपारी ऐन लढाईत यंत्र बंद पडलं, खेळातली सगळी कमाई पुसली गेली. तो किंचाळत खाली आला. "मी ओढला प्लग," उमेको म्हणाली. त्याच संध्याकाळी त्याने घर सोडलं. आता नववर्षाचं कार्ड तेवढं यायचं, तेही धाकट्याच्या नावावर.

"यंदा काय लिहिलंय त्याने? वाच."

"नको ना, आई."

"वाच म्हणते ना!"

"'तुझी गोष्ट वाचतो. त्या बाईला मी कधी माफ करणार नाही.'"

उमेकोने कार्ड त्याच्या हातून घेतलं. "ओबोनच्या सणाला पितरं घरी येतात. माझा जिवंत मुलगा येत नाही."

मग तिने जुना अंक उघडला. पानभर एकच चित्र: प्लग ओढणारा उजवा हात.

"हा कुणाचा?"

"तुझाच. आठवून काढला."

तिने आपला हात चित्राशेजारी ठेवला. नात्सुओचं बोट तोंडाकडे गेलं.

"पाची बोटं धड आहेत, आणि नखं कुरतडलेली," ती म्हणाली. "दादाने खोलीबाहेर यावं म्हणूनच तू प्लग ओढलास, ठाऊक आहे मला. सोळा वर्षं मी माझ्या माथी घेतलं. आता पुढच्या अंकात त्या हाताच्या धन्याचं तोंड काढ."