तिला रागावू नकोस
सॉफ्टवेअरची नवी कंपनी काढून तो दुकानोदुकानी हिंडत होता आणि सगळे त्याला वाटेला लावत होते, तेव्हा चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकूंनीच ऑर्डरी सांभाळणारं त्याचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा घेतलं. त्यांच्या शब्दावर बाकीचे चष्मेवाले आले. काही अडलं की काकूंचा फोन ठरलेला, "बाळा, हे परत रुसलं रे!" तो कुरकुरत जायचा, दुरुस्त करायचा, चहा पिऊन यायचा. पुढे गिऱ्हाइकं वाढली, तशी त्याच्या भागीदार मैत्रिणीने सॉफ्टवेअरमध्ये बोलणारी एआय सहायिका बसवली. काकूंचे फोन थांबले. न राहवून तो सहज आल्यासारखा दुकानात डोकावला, तर काकू कॉम्प्युटरशी खिदळत होत्या. "गुणाची आहे रे तुमची पोरगी. दहादा विचारलं तरी वैतागत नाही." "मी वैतागायचो?" "तोंडाने नाही, पण तुझे उसासे फोनवरही ऐकू यायचे." चहाचं त्यांना सुचलंही नाही. त्याचा नुसता जळफळाट झाला. ऑफिसात परतताच त्याने कुणालाही न सांगता काकूंच्या दुकानापुरती सहायिका बंद केली. सकाळी फोन वाजला आणि त्याने झडप घालून उचलला. "बाळा, ती कालपासून बोलत नाही रे. बरी आहे ना?" "लगेच येतो, काकू," तो उठलाच. "तू कशाला तंगडतोड करतोस? तिथूनच चालू कर. आणि तिला रागावू नकोस हं."