बोटांची रजा

प्रशीलच्या दोन्ही हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवलेल्या होत्या. आत भरपूर व्हॅसलीन, वर मनगटाला रबर. वैशाखाच्या उन्हात व्हॅसलीनचं पार तेल झालं होतं. नाकावर माशी बसली, तर तिला फुंकून उडवावं लागत होतं.

विहाराच्या दारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्याचा आज नववा दिवस.

मुंबईला व्हिसासाठी ठसे द्यायला गेला, तर दहातली सात बोटं उमटलीच नाहीत. दाबून झाली, पुसून झाली, फुंकर मारून झाली. मशीनवरच्या मुलीने शेवटी विचारलं, "काम काय करता?" फरशी बसवतो म्हटल्यावर तिने मान हलवली. "पंधरा दिवस कशालाच हात लावू नका. रेषा परत येतात." एजंट म्हणाला, सौदीची कंपनी पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारपर्यंत थांबेल. पुढे त्या जागेवर दुसरं नाव.

फरशी बसली की सांध्यावरून बोट फिरवायचं, हीच सात वर्षं त्याची पद्धत. शिंदखेड्यात म्हणायचे, प्रशीलच्या बोटाला लेव्हल बसवलेली आहे. त्या बोटानेच घात केला होता.

आणि नेमकं आताच विहाराच्या फरशीचं काम निघालं. बुद्धपौर्णिमा आठ दिवसांवर. हे काम मी करीन, एक रुपया घेणार नाही, असं त्यानेच दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलेलं. आता ते हेमराज करत होता. हेमराज मूळचा प्लंबर. फरशीसुद्धा तो पाइपासारखीच बसवत होता, म्हणजे पाणी कुठूनतरी निघून जाईल या भरवशावर.

"जावईबापू, थंड काही मागाडू का?" पितांबर नाना येता-जाता विचारायचे. ते विहार समितीचे. त्यांना हा विनोद नऊ दिवस पुरला होता.

प्रशीलची आई, द्रौपदाबाई, बाहेरून घमेल्यात सिमेंट-रेतीचा माल भरून आत नेत होती. मुलाने दिलेला शब्द तिच्या परीने ती डोक्यावरून वाहत होती.

पाणी प्यायला म्हणून प्रशील आत गेला आणि उंबऱ्यापाशीच थबकला. अनवाणी पायाला काहीतरी लागलं होतं.

"हेमराजभाऊ, ही दारातली उचला. एक कोपरा वर रायना."

हेमराजने लेव्हलपट्टी आडवी ठेवली. "हे देख. बुडबुडा मधोमध."

"बुडबुडा मधलं सांगस. कोपरानं नही."

"आते पायघाई फरशी तपासशी का तू?" हेमराज हसला. "सौदीमा जाई ना, तठे शिकाड त्या लोकेसले."

नानाही हसले. "जाऊ दे रे प्रशील. केसभर तं शे."

केसभरच होती. पण याच उंबऱ्यावरून पौर्णिमेला म्हाताऱ्या बाया हातात पेटती मेणबत्ती घेऊन, मान खाली घालून येणार होत्या. माल ओला होता तोवरच काही करता येणार होतं. वर पंखा फुल्ल चालू होता.

प्रशीलने मनगटावरचं रबर दातात धरलं.

"ए!" घमेलं दाणकन खाली आलं. "सोड ते. सोड म्हनस ना!"

"आई, एक बोट. फक्त एक."

"एक बी नही. सोमवारले त्या मशीनले काय सांगशी, एकच लावं होतं?"

तिने पदर खोचला आणि उंबऱ्याशी उकिडवी बसली. "सांग. कसं करतस?"

"बोट ठेव. दाबू नको. नुसतं जाऊ दे."

तिचं बोट सांध्यावरून निघालं. हळू. भिंतीकडच्या कोपऱ्याजवळ ते थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं आणि तिथेच थांबलं.

"आठे लागस."

हेमराजने रबरी हातोडी टेकवली. टक.

"आजून."

टक.

"आते बस."

प्रशीलने पाय फिरवून पाहिला. काही लागलं नाही. बारा वर्षं मिस्त्रीकाम केलेल्या माणसालाही पहिल्या फटक्यात सापडला नसता तो कोपरा.

"तुले कसं समजनं?"

"बोटवर काही रायनंच नही ना," ती सहज म्हणाली. "मंग बठ्ठं समजस. रेशनवाला तं दर महिनाले अंगठा लावतांना म्हनस, बाई, तुमले बोटंच नहीत."

नाना पुन्हा हसले, पण या वेळी थोडं कमी.

प्रशीलचं रबर दाताने ढिलं झालं होतं. ती जवळ आली, पिशवी काढली आणि त्याचं बोट उजेडाकडे धरून डोळे बारीक करून पाहू लागली. गुळगुळीत कातडीवर, अगदी कडेला, तीन-चार पुसट रेघा होत्या. मांजर ओल्या ओट्यावरून जाऊन बराच वेळ झाल्यासारख्या.

"उन्यात रे," ती कुजबुजली.

"काम बंद ठेवलं की येतातच म्हणे. कोणाच्याबी."

"कोनाच्याबी?"

"हा. पंधरा दिवस."

ती 'हूं' म्हणाली. पिशवी परत चढवली, बाहेर आलेलं व्हॅसलीन बोटांनी आत सारलं, रबर दोन वेढे घालून पक्कं केलं. मग घमेलं उचलायला वाकली.

घमेलं हातातून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. हात व्हॅसलीनने बरबटले होते.

दाराबाहेर रेतीचा ढीग होता. ती तिथे बसली, दोन मुठी रेती घेतली आणि हात खसाखसा चोळले, तळवे, मग एकेक बोट. फुंकर मारून झटकले. मग आली आणि घमेलं उचललं.