मुराळी

सकाळी व्हाइटफील्डच्या डेपोत देवाप्पानं ट्रकचं फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलर टेकायची सरकती बैठक, मागं सरकवलं आणि केबिनमधून बहिणीच्या नवऱ्याला, शिवकुमारला, हाक मारली, "दाजी, खिट्टी बसली का स्वल्प बघा. तेवढं तरी जमतंय न्हवं? आमच्या अक्कानं नशीब काढलं!" सगळे हमाल हसले.

बैठक जागेवर धरणारी ती खिट्टी सुटी राहिली, तर करकचून ब्रेक लागताच ट्रेलर केबिनच्या पाठीत घुसतो, हे शिवकुमारला ठाऊक होतं.

सुटी खिट्टी बघत तो म्हणाला, "बसली."

संध्याकाळी बायकोचा फोन लागेना, म्हणून त्यानं तिचा दुपारचा व्हॉइस मेसेज उघडला.

"अहो, देवाप्पा पंचमीला न्यायला आलाय मला! त्याच्या ट्रकमध्येच सीटमागच्या बिछान्यावर अंग टाकलंय. गाडी नीट बघितलीस का विचारलं, तर म्हणतो, दाजींनी बघितलीय, निवांत झोप अक्का."