वर मेळावा, खाली लग्न

कऱ्हाडच्या ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनवेड्यांच्या, मेळाव्याचा इतिहास एवढाच: पहिल्या वर्षी शर्वाणी आणि ऋजुता, दोघीच. वेशभूषा स्पर्धेत ऋजुता उतरली, शर्वाणीनं परीक्षण करून तिला पहिला नंबर दिला. पुढे पोरं वाढली, मंगल कार्यालयाचा वरचा हॉल मिळाला.

यंदा त्याच दिवशी खालच्या हॉलमध्ये ऋजुताचंच लग्न. "मुहूर्तच तो निघाला गं!" ऋजुता म्हणाली. शर्वाणी तोंडावर हसली, पण मनात म्हणाली, संपलं. लग्नानंतर कुणाच्या घरचे असली सोंगं करू देतात?

स्पर्धा सुरू झाली आणि जिन्यात धाडधाड पावलं वाजली. पिवळ्या साडीतली नवरी, डोक्यावर निळ्या केसांचा टोप चढवून, थेट मंचावर.

"लवकर गुण दे, भटजी थांबलेत!"

पाठोपाठ धापा टाकत नवरीची आई. शर्वाणीनं डोळेच मिटले. आता मेळाव्याला कायमचं कुलूप.

"कार्टे, मुंडावळ्या खालीच टाकून आलीस?" आईनं त्या निळ्या केसांवरून मुंडावळ्या करकचून बांधल्या, जरा मागे सरून लेकीला निरखलं आणि शर्वाणीकडे वळली.

"हं, आता दे गुण. आणि जावईबापूंच्या मापाचा एखादा टोप आहे का गं?"