तिसऱ्यांदा काढलेला चेहरा

डॉक्टरांच्या सरावासाठी ती कॉम्प्युटरवर पेशंटचे चेहरे काढायची, म्हणून हॉस्पिटलात तिला सगळे चित्रवाली म्हणायचे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिचं काम दोनदा परत पाठवलं होतं. "चेहरा झकास आहे गं, पण घशात श्वासाची नळी घालायचा सराव यावर जमत नाही. हात अडखळतो." तिसऱ्यांदा असंच झालं, तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

म्हणून चिडून तिने पायथनमधला अख्खा कोड नव्याने लिहिला. स्कॅनमधून आलेला चेहरा आधी फ्रेमबफरमध्ये, म्हणजे स्क्रीनमागच्या कोऱ्या पाटीवर, काढायचा आणि तिथून मोठ्या स्क्रीनवर आणायचा. डॉक्टर खुर्चीत बसले, तिने बटण दाबलं, आणि हनुवटी वर, कपाळ खाली असा चेहरा समोर आला.

"वा, कोलांटी उडी!" शेजारी बसणारा दादा कुजबुजला. "अगं, फ्रेमबफर ओळी खालून वर मोजतो. मागे दोन्ही वेळा चित्र उलटवून सरळ केलं होतंस ना? आज विसरलीस."

तिचं तोंड एवढंसं झालं. "सर, एक मिनिट! आत्ता सरळ करते."

"खबरदार हात लावलास तर!" डॉक्टर ताडकन उठले, स्क्रीनसमोर गेले आणि मनगट वळवून त्यांनी हवेतल्या हवेत नळी घातली. एका दमात, न अडखळता. मग हसत वळून म्हणाले,



"अगं, पेशंट टेबलावर आडवा असतो आणि मी त्याच्या डोक्यामागे उभा. बावीस वर्षं मी माणसं अशीच बघतोय!"