चिन्यांची बंदी

ज्या कार्तिकात अपेक्षाचं लग्न झालं, त्याच कार्तिकात चीनचे तीन अंतराळवीर वर अडकले. लग्नाला दहा दिवस उरले होते. कमळाकर पत्रिकांची पिशवी घेऊन पेणच्या बाजारात उभा होता, तेवढ्यात बोटीच्या कंपनीचा फोन आला. काल चीनच्या बंदरात अमोल बोटीच्या हॅचमधून खाली मालाच्या कोठीत पडला आणि जागीच गेला. मृतदेह यायला तीन आठवडे लागतील. कागदपत्रांसाठी तुमचा नंबर मिळालाय, असं पलीकडचा माणूस म्हणाला.

अमोल म्हणजे कमळाकरच्या थोरल्या भावाचा, जनूचा, एकुलता मुलगा, मालवाहू बोटीवर खलाशी. अपेक्षा ही कमळाकरची मुलगी. तिच्या लग्नाची वैशाखातली तारीख आजी गेली म्हणून मोडली होती. अष्टमी गावचे सोयरे तेव्हा समजुतीनं वागले, पण नवऱ्याच्या मामानं बजावलं होतं, आता पुन्हा पुढे ढकललंत तर आम्ही दुसरीकडे बघू. नवरदेव साईराजला वीस तारखेला मस्कतच्या नोकरीवर परतायचं होतं.

सुतक ऐकल्यापासून लागतं. कमळाकरनं तर ऐकलं होतं. पण आपण तोंड उघडत नाही तोवर घराला ते लागत नाही, असं त्यानं स्वतःला पटवलं आणि एसटीत चढला.

अमोल दर दोन दिवसांनी संध्याकाळी आईला फोन करायचा. त्या संध्याकाळी काशीबाई ओटीवर तांदूळ निवडत होती आणि मोबाइल सुपाशेजारीच होता. जनू खांबाला टेकून, बोट फिरवत पेपर वाचत होता. पन्नाशीनंतर अक्षरं शिकलेला माणूस, एक पान त्याला तासभर पुरायचं.

फोन कसा नाही आला, असं काशीबाईनं दोनदा विचारलं. कमळाकरला गेल्या महिन्यातला व्हिडिओ आठवला. समुद्रातल्या बार्जवरून, सपाट मालबोटीवरून, रॉकेट उडताना अमोलनं पाठवला होता. धरमतर बंदरात आपण कोळसा उतरवायचो तसलीच बार्ज, असं तो हसत म्हणाला होता.

"चिन्यांनी समुद्र बंद केलाय, वयनी," कमळाकर म्हणाला. "पुन्हा रॉकेट उडवणार. बोटीवरचे सगळे फोन काढून घेतलेत."

काशीबाई पुन्हा तांदूळ निवडू लागली. जनूनं पेपरातून मान वर केली आणि कमळाकरकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

रविवारी जनूनं ओटीवरूनच हाक मारली. काशीबाई तिथंच पापड वाळत घालत होती.

"समुद्रातलं रॉकेट काल गेलं की रे. मग बोट का नाय सोडली?"

कमळाकरनं चहाचा कप खाली ठेवला. विचारून सांगतो, एवढंच तो बोलला.

मंगळवारी त्यानं पेणहून पेपर आणला. एका खासगी कंपनीचं रॉकेट फसल्याची बातमी होती. त्याचे तुकडे शोधताहेत म्हणून बंदी वाढली, असं त्यानं ठोकून दिलं.

"ते वाळवंटातून उडालेलं," जनू म्हणाला. "त्याचा न् समुद्राचा काय संबंध?" मग पेपरावर बोट टेकवून तो पुढे म्हणाला, "वर तिघं अडकलेत, त्यापायी असंल. यानाच्या काचेला अंतराळातला कचरा आपटलाय. माणसं उतरेपर्यंत चिनी कुणाला बोलू देतात व्हय?"

"तेच ते, दादा," कमळाकर घाईनं म्हणाला.

काशीबाई हसली. सख्ख्या पुतणीचं लगीन सोडून हे चिन्यांच्या मुहूर्ताला बसलेत, असं ती शेजारणीला सांगू लागली.

कमळाकरला मात्र झोप लागेना. दादाला वास लागलाय असं त्याला वाटे. जे विचारायचं ते दादा चारचौघांत विचारायचा, वयनी समोर असताना. एकटा गाठून त्यानं एकदाही विचारलं नाही. एखाद्या दिवशी सगळ्यांसमोर आपलं खोटं उघडं पाडणार आणि मांडवाचे बांबू काढायला लावणार, हीच धास्ती.

शुक्रवारी तिघंही सुखरूप उतरले. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. काशीबाईनं हात जोडले.

"उतरली गो लेकरं. आता माझ्या अमोलचा फोन येईल."

ती मोबाइल घेऊन दारातच बसली. कमळाकर नवी सबब शोधत होता. आता तोंडातून काय निघेल याचा त्यालाच भरवसा नव्हता.

"ते बदलीवर आलेल्या दुसऱ्या तिघांच्या यानातून उतरले," जनू मोठ्यानं म्हणाला. "आता वर राहिलेत त्या तिघांना यायला धड यान नाय. रिकामं यान पाठवायचंय अजून. ते पोचेस्तवर बंदी राहणार. खरं ना रे, कमळाकर?"

कमळाकरनं मान हलवली. काशीबाईनं मोबाइल कमरेला खोचला आणि हळद कुटायला उठली.

शनिवारी देवकाला थोरलं जोडपं बसायचं होतं. जनू म्हणाला, गुडघे वाकत नाय, तुम्ही दोघं बसा. आठवडाभर देवापुढचा दिवाही त्यानं लावला नव्हता. कमळाकरला तेव्हा या कशाचं भान नव्हतं.

रविवारी अष्टमीच्या हॉलमध्ये अक्षता पडल्या. नवऱ्याच्या मामानं जनूला मिठी मारली. वरात कुंडलिका नदीच्या पुलावर पोचली तेव्हा जनू मागे एकटाच कठड्याला धरून उभा राहिला होता, गर्दीतून कुणीतरी त्याला हात देऊन पुढे आणलं.

सोमवारी सकाळी कमळाकर ओटीवर भावासमोर येऊन बसला. आत काशीबाई उरलेले लाडू डब्यात भरत होती. 

जनूनं पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि खांबाचा आधार घेत उठला.

"तू बस. तिला मी सांगतो."

अमोल पाच नोव्हेंबरला, बुधवारी दुपारी गेला. कंपनीचा पहिला फोन त्याच संध्याकाळी जनूला आला होता.